स्प्रिंगला हात लावू नका, आधी सीट बदला

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी रत्नागिरीजवळ, भाट्याच्या पुलापलीकडे पावसच्या वाटेवर राहतो. आंब्याचा व्यवसाय. शाळेत असल्यापासून गाड्यांचं वेड. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून सेकंड हँड पोर्शे ७१८ केमन जीटी-फोर घेतली. सहा गिअरची मॅन्युअल, कार्बनच्या बकेट सीट. आधीचा मालक ती ट्रॅकवर न्यायचा, असं विकणाऱ्यानेच अभिमानाने सांगितलं होतं.

आता अडचणी. पुढच्या बंपरखालचा ओठ स्पीडब्रेकरवर घासतो, आणि सगळ्यात जास्त घासतो माझ्याच गेटात. रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या असतील तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. सकाळी ब्रेक करकरतात. पहिल्या पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून ठेवली, तर बॅटरी मेली आणि स्टिअरिंगवर बुरशी आली. बायको एकदा गणपतीपुळ्यापर्यंत बसली, त्यानंतर तिची पाठ आठवडाभर धरली होती. ती म्हणते, विका. वडील म्हणतात, "गाडीत बसतोस की विहिरीत उतरतोस रे?" कोल्हापूरचा मित्र म्हणतो, स्प्रिंग आणि शॉक बदल, इंचभर उंच कर, मऊ कर, मग रोज वापर. घरात सात आसनी गाडी आणि पेट्यांसाठी पिकअप आहेच.

विकू, उंच करू की तशीच ठेवू? आणि ठेवलीच तर जयगड-तवसाळ फेरीने गुहागरला सासुरवाडीला नेता येईल का?

— एक बागायतदार, रत्नागिरी तालुका

उत्तर

नमस्कार.

तीन पर्यायांतला मधला आधी खोडून टाका. गाडी उंच करू नका. विकायची की नाही याचा निर्णय मी तुमच्यावरच सोपवणार आहे, पण तो आत्ता घेऊ नका. कारण ज्या गाडीचा तुम्हाला वैताग आलाय ती अर्धीअधिक तुमच्या आधीच्या मालकाची आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य हे की गाडी ट्रॅकवर जायची. ट्रॅकवाले लोक काय करतात, तर पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलवून घेतात. याला कॅम्बर म्हणतात. वेगात वळताना गाडी बाहेर झुकते तेव्हा असं कललेलं चाक जमिनीला पुरतं टेकतं आणि पकड मिळते. जीटी-फोरमध्ये हे कमीजास्त करायची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. पण सरळ रस्त्यावर तेच चाक आतल्या कडेवर धावतं, आणि डांबरात ट्रकांनी पाडलेली चाकोरी मिळाली की तिच्यामागे जातं. वरून तुमचे पुढचे टायर २४५ रुंदीचे. मग स्टिअरिंग ओढलं जाणारच. एकदा खाली बसा आणि पुढच्या टायरची आतली कडा हाताने चाचपा. बाहेरच्या कडेपेक्षा ती गुळगुळीत लागली, तर निदान झालं म्हणून समजा. चारही चाकांचं अलाइनमेंट करून ते कंपनीने रस्त्यासाठी दिलेल्या आकड्यांवर आणायचं. हे काम मुंबईच्या वर्कशॉपातच करा. आपल्याकडच्या मशीनवर या गाडीची मापं असतीलच असं नाही, आणि तिथला मुलगा "साहेब, बसतंय" म्हणाला की काय बसलं ते कोणालाच कळत नाही.

ब्रेकचंही तेच. ट्रॅकचे पॅड गार असताना करकरतात, नीट धरतही नाहीत. ते तापल्यावर चावतात, आणि तुमच्या पावस-रत्नागिरीच्या फेरीत ते तापणार कधी? वर्कशॉपात गेलातच तर मूळचे पॅड घालून घ्या. करकर त्याने बरीच कमी होईल, पुरती जाणार नाही. खाऱ्या हवेत बिडाच्या डिस्कवर एका रात्रीत तांबेरा चढतो, आणि सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक तो घासून काढण्यातच जातात. त्याची काळजी नको.

आता तुमच्या मित्राचा इंचभर. हेतू चांगला आहे, हिशोब चुकलाय. जीटी-फोर साध्या केमनपेक्षा ३० मिलिमीटर खाली बसवलेली आहे. इंच म्हणजे २५ मिलिमीटर. म्हणजे एवढा खर्च करून, शॉक बदलून, सगळी भूमिती बिघडवून तुम्ही पोचणार कुठे, तर साध्या केमनच्याही जरा खाली. आणि साधी केमन आपल्या गावातल्या स्पीडब्रेकरवर घासत नाही असं कोणी सांगितलं? शिवाय या गाडीत सस्पेन्शनच्या सांध्यांत बऱ्याच ठिकाणी रबरी बुशऐवजी बॉल जॉइंट आहेत. खड्ड्याचा हिसका थेट आत येतो तो त्यामुळे. वर मऊ स्प्रिंग घातली तरी तो कडकपणा राहतोच, आणि गाडी मात्र वळणात डुलायला लागते. ना घर का, ना घाट का. आणि पुढे विकायची वेळ आली तर 'उंच केलेली जीटी-फोर' म्हटल्यावर गिऱ्हाईक चहा न पिताच उठेल. बदल विमा कंपनीला कळवला नाही तर क्लेमच्या वेळी वाद, ते वेगळंच.

तुमचा खरा झगडा आहे तो उंचवट्यांच्या आकाराशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आसपास. गणित करून पाहिलंत तर अशा गतिरोधकावर गाडीच्या पोटाखाली उंचवटा येतो तो जेमतेम साडेचार सेंटीमीटर. म्हणजे नियमाने बांधलेला स्पीडब्रेकर तुमच्या गाडीचा शत्रूच नाही. शत्रू आहे तो शाळेसमोर रातोरात घातलेला मीटरभर रुंद, वीतभर उंच डांबराचा ढीग. तो पोटाखाली सगळाच्या सगळा येतो. त्याला इंचाने काय होणार?

अशा ढिगावर जायची पद्धत ठरलेली आहे. आधीच वेग पार उतरवा, आणि पुढचं चाक चढायच्या क्षणी ब्रेकवरून पाय काढा, कारण ब्रेक दाबलेला असला की नाक खाली झुकतं आणि नेमका तोच अर्धा इंच कमी पडतो. मागेपुढे कोणी नसेल तर तिरकी घ्या, एकेक चाक चढवत. मागून एस.टी. आली असेल तर ती हॉर्न मारणार, मारू दे. पुढचा काळा प्लास्टिकचा ओठ वेगळा येतो, रंगवलेला नसतो, बदलता येतो. तो घासला म्हणून जीव खालीवर करू नका. एक जादा मागवून माळ्यावर ठेवा.

गेटाचा इलाज मात्र पोर्शेकडे नाही, गवंड्याकडे आहे. रस्ता आणि अंगण यांच्यात आपल्याकडे हातभर उतार एकदम दिलेला असतो, वर पावसाच्या पाण्यासाठी आडवं गटार. तो उतार चिरे लावून दुप्पट-तिप्पट लांब करून घ्या, वरची आणि खालची कड गोल करायला सांगा, आणि गटारावरची जाळी उतारात बसवा. करायच्या आधी दोन लांब फळ्या टाकून गाडी एकदा चढवून बघा, म्हणजे किती लांबी लागते ते गवंड्यालाही दिसेल. दोन दिवसांचं काम. तुमची निम्मी घासाघीस तिथेच संपेल, कारण रोज दोनदा लागणारी जागा तीच आहे.

बायकोच्या पाठीचं मी सगळ्यात गंभीर धरतो. ती गाडीच्या कडकपणाने दुखली, असं तुम्ही समजताय. मला शंका सीटची आहे. कार्बनची बकेट सीट म्हणजे एकाच तुकड्याचं कवच. तिची पाठ मागेपुढे होत नाही. ज्याच्या मापाची ती आहे त्याला ती आठ तासही त्रास देत नाही, आणि ज्याच्या मापाची नाही त्याला आरे-वारेचा चढ संपेपर्यंत पुरते. साडी नेसून तिच्या उंच कडेवरून आत उतरणं आणि परत वर येणं हा तर स्वतंत्र व्यायाम. याच गाडीला पाठ कलणाऱ्या, विजेवर सरकणाऱ्या सीटही येत होत्या. तशी एक, फक्त डाव्या बाजूला, शोधून बसवून घ्या. सीटमध्ये एअरबॅगची जोडणी असते, तेव्हा हे काम गॅरेजात पाना घेऊन करायचं नाही. स्प्रिंग आणि शॉकवर जाणारा पैसा इथे घाला. आणि तिला विचारा, पाठ नेमकी कुठे दुखली: खाली कंबरेत की खांद्यांच्या मध्ये? तुम्ही पत्रात तीन ओळी ब्रेकच्या आणि चाकोऱ्यांच्या लिहिल्यात, तिच्या दुखण्याबद्दल अर्धी. (हे सगळ्याच गाडीवेड्या नवऱ्यांचं. डिस्कवरचा तांबेरा त्यांना दहा फुटांवरून दिसतो.)

त्याच बरोबर डॅम्परचं, म्हणजे शॉकचा कडकपणा बदलायचं, बटण बघा. त्यात नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोनच प्रकार आहेत, आणि कोकणात स्पोर्टला काहीही काम नाही. टायरमधली हवा कमी करून गाडी मऊ करायचा मोहही टाळा. तुमच्या टायरची भिंत पुढे-मागे दोन्हीकडे नऊ सेंटीमीटरच्या आतच आहे. हवा कमी असेल तर खड्ड्याच्या काठाने ती रिमवर चिमटते आणि फाटते. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा ठेवा. गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरचा डिंक आणि छोटा पंप आहे, आणि फाटलेल्या भिंतीला डिंक लागत नाही. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, म्हणून एक पुढचा आणि एक मागचा घरी असू द्या. ओढून न्यायची वेळ आली तर फक्त फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. बंपरात फिरवून बसवायचा हुक कुठे ठेवलाय ते आजच बघून घ्या.

आता विकण्याचा प्रश्न. त्याआधी एक कडू गोष्ट. जीटी-फोर ही कोकणासाठी चुकीच्या गिअरांची गाडी आहे. चार लिटरचं, टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, ४२० अश्वशक्ती, आठ हजार आरपीएमपर्यंत फिरणारं. पण गिअर इतके लांब की दुसऱ्यातच ती ताशी १३० च्या पुढे जाते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत साध्या दुपदरी रस्त्याला कमाल ७० आहेत, आणि घाटात त्याहून कमी. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये सत्तरला इंजिन चार हजारांवर, निम्म्या वाटेवर. आठ हजारांचा सूर कायद्यात राहून ऐकायचा तर पहिल्यातही जमत नाही, तिथेही ऐंशीच्या आसपास काटा जातो. लांब चौपदरीवर शंभर चालतील, पण मुंबई-गोवा महामार्गावर नवं काँक्रीट कुठे संपेल आणि वळसा कुठे सुरू होईल ते माहीत असल्याखेरीज मी तिथेही पाय दाबणार नाही.

म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, घेतली कशासाठी? वेगासाठी घेतली असेल तर विका, आणि बिनधास्त विका. रस्त्यावर तो वेग वापरणं म्हणजे आज ना उद्या कोणाच्या तरी गुरावर, नाहीतर शाळेच्या पोरावर जाणं. वेगाची तहान फारच असेल तर वर्षातून एकदा गाडी बंद ट्रकातून ट्रॅकवर न्या. कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे; ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट तर ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. हे तिन्ही लांब, रत्नागिरीहून यांतला जवळचाही हजारेक किलोमीटरवर. आणि नेहमीची पॉलिसी शर्यत, स्पीड टेस्टिंग असल्या कामांना लागू नसते, ते वाचून मगच जा.

पण हाताला येणाऱ्या गोष्टींसाठी घेतली असेल, तर ठेवा. स्टिअरिंगमधून पुढच्या टायरखाली खडी आहे की डांबर हे कळणं, गिअरचा दांडा खटकन घरात बसणं, ब्रेकवर अंगठ्याएवढा दाब वाढवला की तेवढाच फरक पडणं: हे सगळं चाळीस-पन्नासलाही पुरेपूर मिळतं. रांगडी गाडी रोजच्या रस्त्यावर परवडते ती एवढ्याचसाठी. मऊ, आरामशीर गाडीत हेच समजायला दीडशेच्या वर जावं लागतं आणि तोवर उशीर झालेला असतो. गंमत सांगू का, याच निकषावर साडेसहाशे किलोची जुनी मारुती ८०० आपल्या घाटात फार मागे पडत नाही. पण तुम्ही पोर्शे घेऊन बसलायत, तेव्हा तो विषय नको.

वेळ आणि रस्ता निवडण्यात तुमची एक पंचाईत आहे. गाडीला कोरडे, चांगले दिवस हवेत, आणि मार्च ते मे तुम्ही बागेत आणि पेट्यांत. जून ते सप्टेंबर पाऊस, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. ऑक्टोबरात रस्त्यांची चाळण झालेली असते. मग उरतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातूनही नाताळचा आठवडा वजा करा, कारण तेव्हा आरे-वारेच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी गाडी आडवी लावून समुद्राला पाठ करून फोटो काढत असतं. साध्या वारी, उजाडल्यावर (अंधारात मुळीच नाही, रस्त्यावर बसलेली गुरं दिसत नाहीत) निघा. पावस, पूर्णगड, आडिवरे करत जैतापूरच्या अंगाला गेलात तर वळणंही आहेत आणि वाहतूकही बेताची. आंबा घाट मोह घालतो, पण तिथे मालाचे ट्रक वळणात तुमची बाजू खातात, आणि तुम्ही इतके खाली बसलेले की डंपरवाल्याला त्याच्या काचेतून दिसतच नाही. दिवे चालू ठेवा, आंधळ्या वळणाला हॉर्न द्या. पकड सांभाळणारी यंत्रणा बंद करायचं बटण आहे हे विसरून जा. वळणावर जांभ्याची लाल माती, काजूचा पाला किंवा कोणाच्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतंच.

आधी रस्ता स्वतःच्या दुसऱ्या गाडीने एकदा बघून या. काल नसलेला खड्डा आज असतो.

पावसाळ्यात पूर्ण झाकून ठेवलीत, तिथे गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. मुख्य वैरी ओल. चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, जमिनीतून ओल वर येते, आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं की आत वाफ कोंडते. स्टिअरिंगवरच्या अल्कँटाराला (मखमली चामड्यासारखं दिसणारं कापड) बुरशी आली ती तशी. कव्हर हवा खेळणारं कापडी हवं, किंवा नकोच. गॅरेजच्या भिंतींना वरखाली झरोके ठेवा; गॅरेज बंदिस्त असेल तर डिह्युमिडिफायर लावा. अल्कँटारा मऊ ब्रशने आणि किंचित ओल्या फडक्याने साफ होतं, चामड्याचं तेल त्याला लावू नका. बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावा. मात्र पावसात आपल्याकडे लाईट जाते-येते ती झटके देत, म्हणून चार्जरच्या आधी स्टॅबिलायझर. पार्किंग ब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा, नाहीतर ब्रेक गंजून चिकटतात. टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, आणि रिकाम्या टाकीत ती हवा जास्त. किती इथेनॉल चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, तेवढंच भरा.

आणि उघडीप मिळाली की चालवा. आठ-दहा दिवसांतून एकदा, तेल पुरतं तापून वर अर्धा तास. जागेवर चालू करून पाच मिनिटांत बंद करणं याने फायदा शून्य, उलट सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साठतं. या फेऱ्यांसाठी त्याच मापाचे साधे स्पोर्ट टायर पावसाळ्यापुरते घाला. ट्रॅककडे झुकलेल्या टायरला नक्षी कमी, साचलेलं पाणी तो बाहेर फेकू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. पाणी वाहत असलेल्या फरशीवरून किंवा कॉजवेवरून नेऊ नका, पलीकडचा माणूस कितीही हात करत असला तरी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात दारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई देणारं जादा कलम) आहे ना ते पाहा, आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न करू नका.

दोन ठिकाणं कोणी सांगत नाही. पुढच्या बंपरात डावी-उजवीकडे तोंडं आहेत, त्यांच्या आत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर. भाट्याच्या सुरूबनाजवळून जा-ये करता ना? सुरूच्या काड्या तिथे बरोबर आडव्या बसतात, त्यावर वाळू, त्यावर खारी ओल, आणि त्या लगद्याखाली कंडेन्सरचा ॲल्युमिनियम पोखरून निघतो. दर महिन्याला टॉर्च घेऊन बघा, हाताने आणि मऊ ब्रशने काढा, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा मारलात तर पत्रे वाकतील. दुसरं, इंजिन सीटच्या मागे आहे आणि वरून सहज उघडून बघता येत नाही. उंदीर तिथे घर करून पिल्लं घालून गेला तरी तुम्हाला कळतं ते दिवा पेटल्यावर, नाहीतर वासावरून. गॅरेजात कोंड्याचं पोतं, सुकवलेले आंबे, कोंबड्यांचं खाद्य यांतलं काही ठेवू नका. माडाखाली तर गाडी उभीच करू नका. नारळाचं सोडा, वाळलेली झावळ पडली तरी पत्रा कामातून जातो.

वाडीतून जाताना एक्झॉस्टचं बटण बंद, दोन हजारांच्या आत. शिमग्यात पालखी रस्त्यात भेटली तर इंजिन बंद करून उतरा, लोक चार दिवस तुमच्याबद्दल बरं बोलतील. मोटरसायकलवाली पोरं मागे लागून फोन धरतात तेव्हा डावीकडे घ्या आणि जाऊ द्या. त्यांच्यातला एक जण पडला तर गाव तुमच्या गाडीलाच बोल लावेल.

जयगड-तवसाळ: नका नेऊ. फेरीबोटीची फळी आणि धक्क्याचा उतार जिथे भेटतात तिथे एक कोन होतो, तो तुमच्या नाकाला परवडणारा नाही, आणि शेजारी गाड्या असल्याने तिरकी घ्यायला जागा नसते. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, रुंद टायर तिथे फिरत राहतात. हौसच असेल तर एकदा मोकळ्या हाताने जा, भरती-ओहोटी दोन्ही वेळा उभं राहून बघा, खलाशांना विचारा. सासुरवाडीला सात आसनी गाडीने जा. पोर्शेच्या मागच्या डिकीत इंजिनाची धग येते, तिथून नेलेला हापूस सासूबाईंच्या हातात पडेपर्यंत शिजलेला असेल.

वडिलांचं म्हणणं मनावर घेऊ नका, ते खरंच आहे. नव्या सीटवर त्यांनाही एकदा बसवा; उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढायचे, मग दाराच्या चौकटीला धरून उठायचं, हे आधी सांगा.

तर क्रम असा: अलाइनमेंट आणि पॅड, मग गेट, मग डावी सीट. हे झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबर चालवा, बायकोसह. तरीही फेब्रुवारीत किल्ली हातात घ्यावीशी वाटत नसेल, तर हंगाम सुरू व्हायच्या आत विका, पावसाळ्याच्या तोंडावर भाव पडतो. दरम्यान पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेचा फोटो आणि टायरच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का मला पाठवा. आधीच्या मालकाने टायर कधीचे घातलेत ते पाहून, तेच ठेवायचे की बदलायचे ते सांगतो.